दोन मतपत्रिका आणि एक सही

२०१८ च्या जूनमध्ये ऑरोरातल्या आमच्या घरी टपालाने जाडजूड लिफाफा आला. अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यानंतरचं माझं पहिलंच मतदान. कोलोरॅडोत मतपत्रिका घरीच येते. मतदार नोंदणी करताना मी कुठल्याच पक्षापुढे खूण केली नव्हती. अशा लोकांनाही प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, मत देता यावं म्हणून २०१६ साली मतदारांनी प्रपोझिशन १०८ (मतदारांनी थेट होय-नाही म्हणायचा प्रस्ताव) मंजूर केलं होतं. त्यामुळे आत दोन मतपत्रिका निघाल्या, एक डेमोक्रॅटिक, एक रिपब्लिकन. मी दोन्ही मन लावून भरल्या, लिफाफ्यात कोंबल्या, सही ठोकली.

एकच परत पाठवायची असते. दोन्ही पाठवल्या तर एकही मोजत नाहीत. सूचनांचा कागद मी आधीच रद्दीत टाकला होता! पहिलंच मत पाण्यात.

म्हणून २०२४ मध्ये प्रपोझिशन १३१ आलं तेव्हा राज्याकडून येणारी निळी पुस्तिका चहा घेत अथपासून इतिपर्यंत वाचली. त्या वर्षी राज्यपातळीवरचे तब्बल १४ प्रस्ताव होते. १३१ म्हणत होतं की गव्हर्नर, खासदार, आमदार वगैरेंसाठी सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी घ्या, पहिले चार पुढे जाऊ देत, आणि नोव्हेंबरात त्या चौघांना मतदार पसंतीक्रम देतील. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटचा बाद, आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे.

ऑफिसात सगळे म्हणत, फार किचकट आहे बुवा. मला हसू येई. माझ्या धाकट्या भावाने २०२० च्या डिसेंबरात पुणे पदवीधर मतदारसंघात हेच केलं होतं: केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ आकडे. बरोबरची खूण केली की मत बाद, हे त्याने फोनवर तीनदा सांगितलं होतं. (खुणेची काळजी त्याच्या दादाला असायला हवी होती.)

बायको मात्र 'नाही'वर ठाम. ‘एका गडगंज माणसाने पैसा ओतून कायदा बदलायचा?’ मोहिमेमागे डाविटा या डायलिसिस कंपनीचे माजी प्रमुख केंट थिरी होते, १०८ च्या मागेही तेच. तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. तरी मी 'होय' भरलं आणि लिफाफा पेटीत टाकून आलो.

निकालानंतर पत्र आलं: सही जुळत नाही, आठ दिवसांत खुलासा करा. नोंदीत माझी सही मराठीत होती, लिफाफ्यावर घाईत इंग्रजीत केली होती. ओळखपत्राचा फोटो काढला, फोनवर बोटाने पुन्हा सही केली, या वेळी मराठीत, 'र' जरा वाकडा आला.

१३१ तोवर पडलं होतं, ५३ टक्क्यांहून जास्त मतं विरोधात. माझं मत स्वीकारल्याचा मेसेज त्यानंतर आला. हिचं 'नाही' केव्हाच मोजून झालं होतं.