‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ : ट्रेझर हंटचे नियम लिहिताना

गेल्या वर्षी आमच्या वाड्यावरच्या मंडळाने गोव्यातल्या डिचोली तालुक्यात दुचाकींवरून ट्रेझर हंट घेतली, म्हणजे गटागटाने ठिकठिकाणी जाऊन तिथल्या खुणांवरून प्रश्नांची उत्तरं शोधायचा खेळ. नियमांच्या कागदावरची शेवटची ओळ होती, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ त्या ओळीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

नार्वेच्या सप्तकोटीश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी करवला, त्याचा शिलालेख तिथे दारावर आहे. आमचा प्रश्न होता, ‘शिलालेखातलं वर्ष कोणतं?’ तीन गटांनी लिहिलं १६६८. चौथ्या गटातल्या मुली दारासमोर मान वर करून उभ्या राहिल्या, एकेक अक्षर लावत गेल्या आणि त्यांनी लिहिलं १५९०. दगडावर शके १५९०च आहे. महिना कार्तिक, म्हणून त्यात ७८ मिळवले की इसवी सन १६६८ येतं. उत्तरांच्या कागदावर मात्र फक्त १६६८ होतं, कारण प्रश्न घरी बसून काढला होता. दगड वाचणाऱ्यांना शून्य, फोनवर पाहणाऱ्यांना पूर्ण गुण. त्यातल्या एका गटाने तर नार्व्यात गाडीचं स्टँडही लावलं नव्हतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. मी हरकत घेतली तेव्हा बोट त्या शेवटच्या ओळीवर ठेवण्यात आलं. मुली काही न बोलता निघून गेल्या.

म्हणून यंदा नियम लिहायचं काम मी मागून घेतलं.

बाकीचं पटकन ठरलं. आधी पोचेल त्याला गुण, ही पद्धत पहिल्याच बैठकीत गेली. सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहनांची शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे मी वाचून दाखवलं. गुण फक्त उत्तरांना. परतायची वेळ सगळ्यांना एकच, तीही भरपूर. हेल्मेट नसेल तर गट बाद. चोडण बेटावरून जायचा मार्गही वगळला. फेरीबोट एकाला समोर उभी मिळते, दुसऱ्याला धक्क्यावर ताटकळावं लागतं, यात हुशारीचा काय संबंध?

अडलं ते त्या ओळीवर. तीन संध्याकाळी गेल्या. मंडळाचे जुने काका म्हणत, “अगो, ती ओळ काढलीस तर प्रत्येक जण भांडायला उभा राहील. खेळ आहे तो, कोर्ट नव्हे.” मी म्हणत होते, “काका, भांडण त्या ओळीने थांबत नाही, नुसतं दाबलं जातं. त्या मुली यंदा नाव देणार नाहीत, बघा तुम्ही.” दुसऱ्या दिवशी मतं घ्यायची वेळ आली आणि मी हरणार हे दिसत होतं. तेव्हा मी मतं थांबवून गेल्या वर्षीचा कागद पुढे ठेवला. म्हटलं, हा प्रश्न तुम्ही तपासा आणि कोण चुकलं ते सांगा. काकांनी चष्मा लावला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “प्रश्नच चुकला.”

तिसऱ्या संध्याकाळी त्या ओळीच्या जागी हे आलं. उत्तरं वाचून दाखवल्यापासून १५ मिनिटांत लेखी हरकत घेता येईल. ज्यांच्या घरचं कोणी कुठल्याच गटात नाही असे दोघे ती तपासतील आणि निर्णयाबरोबर कारणही लिहून देतील. प्रश्नच सदोष निघाला तर तो सगळ्यांसाठी रद्द, कुणाला खैरात नाही. माझा भाऊ खेळत होता, म्हणून त्या दोघांत मी बसले नाही. हे मी कुणी सांगायच्या आधी केलं, याचा मला अभिमान आहे.

फोनवर बंदी घालू नका. ती पाळली की नाही हे कोण बघणार? त्यापेक्षा तिथे गेल्याशिवाय कळणार नाही असं विचारा. हरवळ्याच्या गुंफा, साखळीचं विठ्ठल मंदिर, मयेचं तळं, प्रत्येक ठिकाणी आम्ही आठवडाभर आधी स्वतः जाऊन आलो. प्रश्न न काढलेल्या एकाला बरोबर नेऊन त्याच्याकडून उत्तरं लिहून घेतली. त्यात दोन प्रश्न बदलावे लागले. देवळात पूजा चालू असताना धावपळ होते, म्हणून खूण नेहमी बाहेरून दिसेल अशी ठेवा. गेल्या वर्षी आमचं हेही चुकलं होतं.

नियमांचा कागद चार दिवस आधी गटांना दिला. त्या मुलींची पुढारीण आमच्या ओसरीवर बसून तो दोनदा वाचून गेली, मगच तिने नाव दिलं. नार्वेचा प्रश्न यंदा मुद्दाम ठेवला, असा : ‘दारावरच्या शिलालेखातला शकाचा आकडा जसाच्या तसा लिहा; इसवी सन चालणार नाही.’ चारही गटांनी १५९० लिहिलं. हरकत एकच आली, हरवळ्याच्या प्रश्नावर. ती मान्य झाली, प्रश्न रद्द झाला आणि माझ्या भावाचा गट दुसऱ्या क्रमांकावर गेला.

एक राहिलं. बरोबरी झाली तर काय, हेही आधीच लिहून ठेवा. आम्ही एक जादा प्रश्न पाकिटात बंद करून काकांच्या खिशात ठेवला होता.