सोळा दिवस आणि एक सामना

१४ एप्रिल २०१९, रविवार
कोलंबस, ओहायो

काल मुलाच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा वसंतातला सामन्यांचा दिवस होता. नियमाप्रमाणे या ऋतूत दुसऱ्या कॉलेजांशी खेळायला संघाला एकच दिवस मिळतो, आणि तो पुरेपूर वापरता यावा म्हणून आजूबाजूची चार कॉलेजे एका मैदानावर जमून प्रत्येकाशी एक असे साठ-साठ मिनिटांचे सामने खेळतात. या सामन्यांची अधिकृत नोंद कुठेही होत नाही. जिंकलेला सामना जमेस धरला जात नाही आणि हरलेला वजा होत नाही. तरीही दीड तास गाडी चालवून आम्ही सकाळी तिथे पोहोचलो, तेव्हा भुरभुर पावसात मुले आधीच धावत होती आणि गोलपोस्टसमोर माझा मुलगा गुडघ्यांवर बसून दोन्ही बाजूंना झेपा टाकत होता.

इथल्या लहान कॉलेजांमधल्या खेळाची व्यवस्था समजून घ्यायला मला दोन वर्षे लागली. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे ज्याला सगळे डिव्हिजन थ्री म्हणतात त्यात, खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पुरुषांचा हंगाम ऑगस्टच्या मध्याला सरावाने सुरू होतो, आठवड्याला दोन-तीन सामने करीत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहुतेकांसाठी संपतो, आणि चारशेहून अधिक संघांपैकी साठेक संघ तेवढे राष्ट्रीय स्पर्धेत पुढे जातात. गेल्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या टफ्ट्सने मिशिगनच्या कॅल्व्हिनला २-१ असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा आमच्या मुलांचा हंगाम संपून महिना होत आला होता. पुढच्या ऑगस्टपर्यंतच्या नऊ महिन्यांत प्रशिक्षकाला आपल्या संघासोबत मैदानावर उभे राहायला मिळतात ते पाच आठवड्यांच्या आतले फक्त सोळा दिवस, आणि कालचा दिवस त्या सोळांतलाच एक. बाकीच्या काळात मुलांनी जे काही करायचे ते स्वतःच्या इच्छेने. प्रशिक्षकाने तिथे यायचे नाही, कोण आले आणि कोण आले नाही हे विचारायचे नाही, आणि न येणाऱ्यावर त्याचा राग काढायचा नाही. संघाचे कर्णधार सगळ्यांना जमवतात, म्हणून या सरावाला कॅप्टन्स प्रॅक्टिस म्हणतात.

हे मी कोल्हापूरला दादाला फोनवर सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. दादा स्वतः एका तालमीच्या संघातून खेळला आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावांनीच ज्या गावात फुटबॉल ओळखला जातो आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात, तिथे खेळाडूला सुट्टी देतो तो पाऊस. आणि पावसातही मुले चिखलात खेळतातच. "म्हणजे शिकवणाऱ्यालाच मैदानात यायची बंदी? मग पोरांना शिकवायचं कुणी गं?" असे त्याने विचारले. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "तसं बघितलं तर वस्ताद गावाला गेले म्हणून तालमीत जोर काढायचं कोण थांबवतंय?" माझ्या सगळ्या स्पष्टीकरणापेक्षा ते एक वाक्य नेमके होते.

ते जोर-बैठका काढणे मी फेब्रुवारीत एकदा डोळ्यांनी पाहिले. मुलाचा खोकला हटत नव्हता, म्हणून औषध आणि डबा घेऊन मी भल्या पहाटे त्याच्या कॉलेजच्या गावी गेले होते. बाहेर गुडघाभर बर्फ होता. कॉलेजचे बंदिस्त क्रीडागृह एकच आहे, आणि बेसबॉल, लॅक्रोस यांचे हंगाम वसंतात असल्यामुळे तिथल्या चांगल्या वेळा त्यांना मिळतात. फुटबॉलवाल्यांच्या वाट्याला येते ती सकाळी सहाची किंवा रात्री दहाची वेळ. काचेपलीकडे अकरा मुले होती, संघ एकोणतीस जणांचा. जी आली नव्हती त्यांच्यातल्या कुणाचा रसायनशास्त्राचा प्रयोग असेल, कुणी भोजनगृहात पहाटेच्या पाळीला असेल, कुणी झोपलाही असेल. कुणीही हजेरी घेत नव्हते. तीन मुले जमिनीवर पडून ताण देत होती, एक मुलगा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच सरळ रेषेत सावकाश धावत होता आणि दुसरा त्याच्या बरोबरीने, मुद्दाम तितक्याच सावकाश, धावत होता. आणि कोपऱ्यात माझा मुलगा टणक जमिनीवर उजवीकडे-डावीकडे पडत होता. त्याच्या कमरेवरचे काळेनिळे डाग मी नाताळच्या सुट्टीत पाहिले होते, ते कशाने पडले हे त्या सकाळी कळले. मी आत गेले नाही. डबा त्याच्या खोलीच्या दाराशी ठेवला आणि गाडीत बसून राहिले.

तो दुसरा गोलरक्षक आहे. इतर जागांवर खेळाडू बदलत राहतात, दमलेल्याच्या जागी ताजा येतो. गोलरक्षक मात्र बदलला जात नाही. पहिल्या वर्षी तो एकाही सामन्यात उतरला नाही. दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या हंगामात, दोन सामन्यांत मिळून एकोणचाळीस मिनिटे खेळला, आणि दोन्ही वेळा निकाल आधीच लागलेला होता. या विभागाचा एक नियम मला फार कठोर वाटतो: हंगामातला पहिला सामना झाल्यावर तुम्ही संघाबरोबर नुसता सराव केलात, तरी तुमच्या चार हंगामांपैकी एक वापरला गेला असे धरतात. मोठ्या विद्यापीठांत एखाद्या खेळाडूला वर्षभर बाजूला ठेवून त्याचा हंगाम राखून ठेवता येतो. इथे तसे करता येत नाही. एकोणचाळीस मिनिटांमागे त्याची दोन वर्षे खर्ची पडली आहेत. त्याच्या बाबांनी एकदा जेवताना विचारले, "इतकं करून तुला मिळणार काय?" त्याने ताटातून मान वर न करता उत्तर दिले, "बाबा, मिळायला हवं असतं तर मी इथे आलोच नसतो." तो उद्धटपणा नव्हता. मी त्याची आई आहे. मला त्याच्या आवाजातला फरक कळतो.

या वर्षी मात्र गोष्ट निराळी होती. संघाचा पहिला गोलरक्षक तिसऱ्या वर्षाला आहे आणि जानेवारीत एका सत्रासाठी स्पेनला शिकायला गेला. लहान कॉलेजांत शरद ऋतूत खेळणारी पुष्कळ मुले असेच करतात, कारण परदेशी जायचे तर वसंतातच जाता येते. जाण्यापूर्वी त्याने आपल्या सगळ्या कसरतींची वही माझ्या मुलाला दिली: कुणी कुठून चेंडू मारायचा, किती वेळा, पावले कशी पडायला हवीत. आपल्या जागेवर ज्याचा डोळा आहे त्यालाच आपली वही देऊन जाणे हे त्या वयात मला जमले नसते.

आणि मार्चमध्ये प्रशिक्षकांनी मुलाला बोलावून सांगितले की शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक गोलरक्षक कॉलेज पाहायला येणार आहे, त्याला एक रात्र तुझ्या खोलीत ठेवशील का? हंगाम नसतानाच्या महिन्यांत प्रशिक्षकांचे खरे काम हेच असते, कारण ज्या कॉलेजात दोन हजारही विद्यार्थी नाहीत तिथे खेळायला येणारी मुले वर्ग भरण्यासाठीही लागतात. मी फोनवर ऐकले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हा म्हणाला, "हो म्हटलं, आई. वरचा बंक रिकामाच आहे."

त्या मुलाला त्याने वर्गात नेले, भोजनगृहात जेवू घातले, पहाटे साडेपाचला उठवून क्रीडागृहात नेले आणि तिथे बाकावर बसून बघायला सांगितले. तो पाहुणा मुलगा फार चांगला खेळतो असे माझ्या मुलाला सगळ्यांकडून कळले होते. त्याच्या खेळाच्या चित्रफिती याने स्वतःही पाहिल्या होत्या. "माझ्यापेक्षा हात लांब आहेत त्याचे, आणि पायाने चेंडू छान देतो," असे त्याने मला सांगितले. प्रशिक्षकांनी नंतर विचारले तेव्हाही तेच सांगितले. मी विचारले, थोडे कमी सांगितले असते तर? तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग मी कुणाबरोबर सराव करणार?" मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली, आणि ती मी इथे लिहून ठेवते आहे.

कालचे तीन सामने त्याने पूर्ण खेळले. एकशे ऐंशी मिनिटे, दोन वर्षांत मिळालेल्या वेळेच्या चौपटीहून जास्त. पहिल्या सामन्यात एक कोपऱ्यावरून आलेला चेंडू त्याच्या हातून निसटला आणि गोल झाला. तो माझ्या मनातून अजून जात नाही. दुसऱ्यात त्याला काही फारसे करावे लागले नाही. तिसऱ्यात पाऊस वाढला, आणि त्या पावसातही त्याचा आवाज मला सतत ऐकू येत होता, मागे फिर, माणूस धर, वेळ आहे, असे सांगत राहणारा. घरात दोन शब्दांच्या वर न बोलणाऱ्या माझ्या मुलाचा इतका मोठा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. हंगामात तो बाकावर असतो, तेव्हा तो ऐकायला मिळत नाही.

रेषेबाहेर शेवटच्या वर्षाची पाच मुले जीन्स आणि रेनकोट घालून उभी होती. त्यांचे चारही हंगाम संपले आहेत आणि गेल्या नोव्हेंबरातल्या सामन्यानंतर त्यांना या संघातून पुन्हा खेळता येणार नाही. तरी ती सकाळी बसमधून सर्वांबरोबर आली होती, पाण्याच्या बाटल्या भरत होती, बाहेर गेलेले चेंडू पळत जाऊन आणत होती. त्यांच्यातल्या एकाने तिसऱ्या सामन्याच्या आधी माझ्या मुलाच्या ग्लोव्हजवर बाटलीतले पाणी ओतून दिले आणि खांद्यावर थाप मारली. सामने संपल्यावर पाचही जण रिकाम्या मैदानावर गोलावर चेंडू मारत राहिले, बस सुरू होईपर्यंत. त्यांच्यासाठी गोलात माझाच मुलगा उभा होता.

रात्री तो बसने कॉलेजला न परतता आमच्याबरोबर घरी आला, आणि आज संध्याकाळी त्याला सोडून आलो. दुपारी मी त्याचे ग्लोव्हज कोमट पाण्यात, साबण न लावता, हातानेच धुतले. तळव्याचा फोम एका बोटाशी फाटला आहे. ते सावलीत पसरत होते, तेव्हा त्याच्या फोनवर त्या मार्चमधल्या मुलाचा निरोप आला. कॉलेज नक्की करायची मुदत १ मेपर्यंत आहे, आणि त्याने कालच होकार कळवला होता. तो आमच्यापासून वीस मिनिटांवर राहतो असे आज समजले. जून-जुलैत आठवड्यातून तीन दिवस आपण एकमेकांना चेंडू मारू शकू का, असे त्याने विचारले होते. मुलाने मला विचारले, "आई, शनिवारी सकाळी तो इथे जेवायला थांबला तर चालेल ना?"

ग्लोव्हजची नवी जोडी मे महिन्यात घ्यायची आहे, दहा नंबरची.