परीक्षा विभागातून पाच दिवस ट्रेनिंगला गेले, त्याचा अनुभव

मी एका विद्यापीठात परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक आहे, सतरा वर्षं झाली. गेल्या वर्षी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी पाच दिवसांची कार्यशाळा होती, विषय कार्यालयीन कामकाज आणि ताणतणाव व्यवस्थापन. आमच्या ग्रुपवर बरेच जण विचारतात की जाऊन खरंच काही उपयोग होतो का, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात अवघड काय असेल तर ते जायला मिळणं. शिक्षकांना रिफ्रेशर कोर्स करावाच लागतो, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत तो कॅसच्या, म्हणजे शिक्षकांच्या करिअर अ‍ॅडव्हान्समेंट योजनेतल्या, प्रमोशनला धरलाय, त्यामुळे त्यांना सोडतात. आमचं परिपत्रक आलं की पहिला प्रश्न, टेबल कोण बघणार? साहेबांचंही चुकत नाही हो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निकाल शक्यतो ३० दिवसांत आणि काहीही झालं तरी ४५ दिवसांत लावायचा असं आहे, पुढे गेला की कारणं देऊन अहवाल पाठवावा लागतो, आणि आमच्याकडे निम्मी टेबलं रिकामी, एकेकाकडे दोन दोन फॅकल्टी. दोनदा माझा अर्ज परत आला. तिसऱ्यांदा मी अर्जासोबत एक कागद जोडला, कुठले राखीव निकाल (म्हणजे काहीतरी अपुरं असल्याने जाहीर न करता थांबवलेले) कशासाठी अडकलेत, कुठल्या कॉलेजला कधी फोन करायचा, पुनर्मूल्यांकनाचे गठ्ठे कुठल्या कपाटात, कुणी काय बघायचं, सगळं तारखांसकट. त्यावर सही झाली. ज्यांना जायचंय त्यांनी हे नक्की करा, आणि कार्यमुक्तीचा आदेश हातात पडल्याशिवाय निघू नका. आमच्यातल्या एकाची हजेरीत पाच दिवस रजा पडली, ती दुरुस्त व्हायला दोन महिने गेले.

पहिला दिवस उद्घाटन, सत्कार, मग टिपणी लेखन. दुपारी माहिती अधिकार आणि लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा. माहिती अधिकाराचे ३० दिवस सगळ्यांना पाठ होते पण लोकसेवा हक्कात अर्जाची पोच द्यायची, त्यावर काम कधीपर्यंत होईल ती तारीख टाकायची आणि उशीर झाला तर ५०० पासून ५००० पर्यंत दंड, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच नीट ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. माझं बीपी १५२/९६ आलं. डॉक्टर म्हणाले एकदाच वाढलेलं दिसलं म्हणजे लगेच आजार नाही, वेगवेगळ्या दिवशी शांत बसून परत मोजा, पण सोडून देऊ नका. मला काहीच त्रास होत नव्हता, डोकं दुखायचं ते मी चष्म्यावर ढकलत होते. आमच्या बॅचमध्ये असे अजून सात जण निघाले आणि सातही जण काउंटरचे किंवा निकालाचे, हे मला अजून विसरता येत नाही.

योगाच्या बाईंनी चटई मागवलीच नाही, खुर्चीतच सगळं शिकवलं. मान आणि खांदे सैल करायचे, मनगटं फिरवायची, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, आणि भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडायचा. भ्रामरीत श्वास सोडणं लांबतं, त्याने धडधड हळूहळू उतरते असं त्यांनी सांगितलं आणि करून घेतलं तेव्हा ते जाणवलंही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फळ्यावर लिहून दिला, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तो मी आमच्या विभागातल्या नोटीस बोर्डवर लावलाय.

पण खरं काम झालं तिसऱ्या दिवशी. काउंटरचा प्रसंग करून दाखवायचा होता. मला विद्यार्थ्याची आई केलं आणि दुसऱ्या विभागातला एक जण टेबलावर. मी म्हणाले, साहेब, रात्रीच्या एसटीने आलोय, पोराचा निकाल राखीव दाखवतोय, नोकरीवर हजर व्हायची तारीख परवाची आहे. तो मान वर न करता म्हणाला, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) सांगा, कॉलेजने इंटर्नलचे मार्क पाठवले नाहीत, कॉलेजला विचारा. एवढंच. शब्द न् शब्द मी रोज बोलते तेच, माहितीही बरोबर, आणि तरी समोर उभं राहून ऐकताना मला रडू फुटलं. मला एक मुलगा आठवला, मार्चमधला, त्याला मी हेच सांगून खिडकी पुढच्यासाठी मोकळी केली होती. तो बराच वेळ जिन्यात बसून होता.

प्रशिक्षक मॅडमनी तेव्हा उपदेश केला नाही. त्यांनी विचारलं, दिवसात किती तास खिडकीवर असता? आम्ही म्हणालो सहा, कधी सात. मग त्यांनी हिशोब मांडायला लावला, तासाला किती माणसं येतात, त्यातली किती जणं एकाच कारणासाठी येतात. माझ्या खिडकीवर निम्मे राखीव निकालाचे निघाले. म्हणजे कॉलेजचे मार्क वेळेत आले तर निम्मी रांगच लागणार नाही. तेव्हा मला पटलं की श्वास मी कितीही लांब सोडला तरी रांग तेवढीच राहिली तर दुपारी तीनला मी परत तशीच बोलणार.

परत आल्यावर मी टिपणी टाकली. एक, खिडकीवर सलग दोन तासांपेक्षा जास्त कुणी बसू नये, पाळी लावावी. दोन, राखीव निकालांची कॉलेजवार यादी दर सोमवारी प्राचार्यांना मेल करावी. तीन, बाहेरगावाहून आलेल्याला तारीख लिहिलेली पोच द्यावी म्हणजे त्याला परत फुकट खेप पडत नाही. ती फाइल पाच आठवडे फिरली, दोनदा शेरा पडला, शेवटी तिन्ही मंजूर. पाळी लगेच सुरू झाली. यादीचा फरक दिसायला एक सेमिस्टर गेलं, आता राखीवसाठी येणारे खरंच कमी झालेत. माझं बीपी गोळी चालू केल्यावर आणि खिडकीचे तास कमी झाल्यावर १३४/८४ च्या आसपास असतं, डॉक्टर म्हणतात अजून खाली यायला हवं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीय. आमच्याकडे डेटा एन्ट्रीला बसणारी मुलं कंत्राटी आहेत, खिडकीवर तीही बसतात, शिव्या तीही खातात, पण परिपत्रकात 'नियमित कर्मचारी' असं लिहिलेलं असतं म्हणून त्यांचं नावच पाठवता येत नाही. त्यातली एक मुलगी मला म्हणाली, ताई, ते श्वासाचं मला पण शिकवा ना. जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, पण पगारी दिवस धरून पाच दिवस तिथे बसायचा मान तिलाही मिळायला पाहिजे असं मला फार वाटतं. तसा अर्ज मी कुलसचिवांकडे दिलाय, आवक नंबर पडलाय, पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. दर सोमवारी यादी मेल केली की मी त्या अर्जाची चौकशी करून येते.