दोन ग्रॅम कुठे लपवलेस?

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि आठवलं ते फळ्यावरचं एक गणित, तेही माझं चुकलेलं. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून पाणी किती होईल? वस्तुमान अक्षय्य असतं हे नुकतंच पाठ केलेलं. मी ऐटीत '२० ग्रॅम' लिहून मोकळा झालो.

बाईंनी खडू परत माझ्याच हातात दिला. "मोलमध्ये मांड." मोल म्हणजे रेणू मोजायचं माप, डझनासारखं ठरावीक संख्येचं. हायड्रोजन २ मोल, ऑक्सिजन अर्धा. दोन मोल हायड्रोजनला एक मोल ऑक्सिजन लागतो, होता निम्माच. वजनाला चौपट असलेला ऑक्सिजनच आधी संपला आणि पाणी झालं १८ ग्रॅम. "मग उरलेला दोन ग्रॅम हायड्रोजन कुठे लपवलास रे?" वर्ग खो खो हसला.

पुढे अमोनियाच्या गणितात १ मोल नायट्रोजन आणि २ मोल हायड्रोजन आला. मी म्हटलं, नायट्रोजन कमी, तोच संपणार. पुन्हा चूक! एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन लागतात. मोलांना समीकरणातल्या सहगुणकाने, म्हणजे त्या पदार्थापुढच्या आकड्याने भागायचं आणि लहान उत्तर येईल तो लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपून क्रिया थांबवणारा पदार्थ, ही युक्ती मी मग घोकली. बाईंना मात्र घोकलेल्या युक्त्यांचा राग.

म्हणून एक दिवस प्रयोगशाळेत बर्नर बंद, खिडक्या उघड्या आणि टेबलावर तीन शंकुपात्रं. प्रत्येकात १ मोलर (लिटरमागे १ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल, १०० मिलिलिटर. तोंडाला फुगे, फुग्यांत मॅग्नेशिअमचे तुकडे: ०.६, १.२ आणि २.४ ग्रॅम. फुगे उलटे केले, तुकडे आम्लात पडले आणि हायड्रोजन वायू सुटू लागला. दुसरा पहिल्याच्या दुप्पट फुगला. तिसऱ्यावर आमच्या पैजा लागलेल्या. तो दुसऱ्याएवढाच फुगून थांबला.

"फुगा फुटका असेल," मी म्हणालो. (हरायचं नसलं की माणूस उपकरणाला दोष देतो, कारखान्यात आजही रोज बघतो.)

बाई काही बोलल्या नाहीत. फुगा काढला, पात्राच्या तळाशी निपचित पडलेले तुकडे दाखवले आणि वरून थोडं ताजं आम्ल ओतलं. तुकडे पुन्हा फसफसायला लागले. तास संपल्याची घंटा झाली, तरी कोणी हललं नाही.