लेक डिस्ट्रिक्ट बसने: तळ्याकाठच्या वाटा, आणि परतीची बस कशी चुकवू नये

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या लेक डिस्ट्रिक्टबद्दल इथल्या मराठी मंडळींत एक समज पक्का बसलाय: गाडी भाड्याने घेतली नाही तर तिथे जाऊन उपयोग नाही. माझ्याकडे गाडी नाही, इथलं लायसन्सही नाही. पुण्याहून आलेल्या आई-बाबांना मात्र नुसतं लंडन दाखवून परत पाठवायचं नव्हतं. म्हणून सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही तिघं ट्रेन आणि बसच्या भरवशावर निघालो. फिरून आल्यावर माझं मत असं झालंय की चालायलाच जायचं असेल तर गाडी असली तरी ती घरी ठेवावी. गाडी जिथे लावली तिथेच संध्याकाळी परत यावं लागतं, म्हणजे प्रत्येक चाल गोल फिरून येणारीच निवडावी लागते. बसवाल्यांना ते बंधन नाही. एका गावात उतरायचं, डोंगर चढून किंवा तळ्याच्या कडेकडेने दुसऱ्या गावात जायचं, तिथून बस धरायची.

पोचायला दोन दरवाजे आहेत. विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर या दक्षिणेकडच्या गावांसाठी लंडन यूस्टनहून ऑक्सनहोमला यायचं आणि तिथे विंडरमिअरची छोटी ट्रेन धरायची. ती वीसेक मिनिटांत शेवटच्या स्टेशनला आणून सोडते आणि बसथांबा स्टेशनच्या दारातच आहे. उत्तरेकडच्या केझिकसाठी (स्पेलिंगमधल्या डब्ल्यूकडे लक्ष देऊ नका) त्याच मार्गावर पुढे पेनरिथला उतरून एक्स ४ किंवा एक्स ५ बस घ्यायची, पाऊण तासाचा प्रवास. विंडरमिअरला रेल्वे आली १८४७ मध्ये. कवी वर्ड्सवर्थ यांनी तिला वर्तमानपत्रात पत्रं लिहून विरोध केला होता, का तर शहरांतून लोकांच्या झुंडी येतील. झुंडी आल्याच. त्यातले तिघे आम्ही.

बसमध्ये लक्षात ठेवायचा आकडा एकच, ५५५. ही बस लँकेस्टरहून केंडल, विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर करत केझिकला जाते, म्हणजे सगळ्या प्रदेशाचा कणाच. बहुतेक वेळा डबल डेकर असते. उत्तरेकडे जाताना वरच्या मजल्यावर डाव्या बाजूला बसा. विंडरमिअर, रायडल, ग्रासमिअर आणि थर्लमिअर ही चारही तळी एकामागोमाग त्याच बाजूला येतात. पैसे कार्डाने टॅप करून देता येतात. २०२३ च्या सुरुवातीला सरकारने इंग्लंडमध्ये एका बसप्रवासाला कमाल २ पाऊंड अशी मर्यादा घातली, २०२५ पासून ती ३ पाऊंड झाली. ती अजून चालू आहे का ते निघण्याआधी बघून घ्या. दिवसात तीन-चारदा चढणं-उतरणं होणार असेल तर ड्रायव्हरकडे दिवसभराचं तिकीट मागा. आणि खेड्यातल्या थांब्यावर बस दिसली की हात करा, नुसतं उभं राहिलात तर ती सरळ पुढे जाऊ शकते. बाबांना हे शिकवावं लागलं नाही. एसटीला हात करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय.

वेळापत्रक दोन असतात, उन्हाळी आणि हिवाळी. उन्हाळी साधारण ईस्टरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतं आणि आडबाजूच्या दऱ्यांतल्या बस मुख्यतः त्याच काळात धावतात. नोव्हेंबर ते मार्च जायचं असेल तर ५५५ आणि एक्स ५ यांच्या आसपासच्याच वाटा धरा. आमचा सप्टेंबरचा उत्तरार्ध मला सगळ्यात सोयीचा वाटला: शाळा सुरू झालेल्या, बसमध्ये जागा, आणि सात वाजेपर्यंत उजेड.

आमचा नियम असा होता: सकाळी बसने (किंवा होडीने) लांबच्या टोकाला जायचं आणि मुक्कामाच्या दिशेने चालत यायचं. म्हणजे दिवस कलला तरी शेवटच्या बसची धास्ती नाही.

पहिली चाल ग्रासमिअर ते अँबलसाइड. आई-वडील बरोबर असतील तर सुरुवात हिनेच करा. अँबलसाइडहून ५५५ ने पंधरा-वीस मिनिटांत ग्रासमिअर. गावातून डव्ह कॉटेज, म्हणजे वर्ड्सवर्थ यांच्या जुन्या घरावरून वर जाणारा छोटा रस्ता धरला की पुढे डोंगराच्या कुशीतून रायडलपर्यंत जुनी प्रेतवाट आहे. रायडल-अँबलसाइडकडचे लोक पूर्वी आपली प्रेतं याच वाटेने ग्रासमिअरच्या चर्चला नेत, कारण दफनाचा हक्क तिथल्या चर्चकडे होता. वाटेत शवपेटी टेकवायचा सपाट दगड अजून आहे. आई त्यावर बसायला तयार होईना. ‘मेलेल्यांची विसाव्याची जागा, आपण कशाला?’ शेवटी पाण्याची बाटली तिने उभ्यानेच संपवली. वाट बरीचशी सावलीतून जाते, डावीकडे दगडी गडगे, उजवीकडे खाली रायडलचं तळं. गडगे अगदी आपल्या कोकणातल्यासारखे, चुना-मातीशिवाय नुसते रचलेले. चढ थोडाच आहे, मात्र पाऊस पडून गेलेला असला की दगड निसरडे होतात. रायडलला चहा-केक मिळतो, पुढे रायडल पार्कमधली रुंद सपाट वाट थेट अँबलसाइडला आणते. अंतर सहा-सात किलोमीटर, आईच्या चालीने थांबत थांबत तीन तास. गुडघे कुरकुरले तर रायडललाच खाली रस्त्यावर उतरून ५५५ धरा. तशी सोय या चालीत आहे म्हणून मी ती पहिली सांगतोय.

मग मुक्काम केझिकला हलवला. ५५५ ग्रासमिअर सोडून खिंड ओलांडते आणि डावीकडे थर्लमिअर लागतं. बघताना हे तळं इतरांहून वेगळं वाटतं, काठाने गाव नाही, कडेला ओळीने लावलेली सुचीपर्णी झाडं. कारण हे धरण आहे. मँचेस्टर शहराला पाणी पाहिजे होतं, १८७९ मध्ये संसदेने कायदा केला, आणि १८९४ पासून इथलं पाणी जवळजवळ दीडशे किलोमीटर निव्वळ उताराने, पंपाशिवाय, मँचेस्टरला जाऊ लागलं. दोन वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्या काळी विरोध करणाऱ्यांनी संघटना काढली होती, पण त्यांचा सूर मुख्यतः निसर्गसौंदर्य बिघडेल असा होता. मुळशीचा सत्याग्रह जमिनीसाठी होता, पाण्याखाली जाणाऱ्या शेतांसाठी. बाबांनी हा फरक बसमध्येच काढला आणि पुढचा अर्धा तास त्यांना गप्प करणं मला जमलं नाही.

केझिकमधली मुख्य चाल कॅटबेल्स. उंची ४५१ मीटर, पायथ्यापासून जेमतेम पावणेचारशे मीटर चढ. सिंहगड चढणाऱ्याला हे काहीच नाही, पण माथ्यावरून डरवेंटवॉटर तळं त्यातल्या बेटांसकट पायाखाली दिसतं. इथे मात्र आमचा नियम मोडावा लागतो. उत्तरेकडच्या धारेवर दोन ठिकाणी हात टेकून चढायचे खडक आहेत, हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालेले. ते चढायला मजा येते, उतरायला मुळीच नाही, ओले असतील तर त्याहून नाही. म्हणून केझिकच्या धक्क्यावरून लाँचने हॉज एंडला जा, उत्तरेकडून चढा, माथा ओलांडून दक्षिणेच्या खिंडीत उतरा आणि डावीकडच्या वाटेने ग्रेंज गाव गाठा. तिथल्या पुलाजवळ केझिकला जाणारी ७८ नंबरची बस मिळते. ती चुकलीच तर तळ्याच्या पूर्व काठाने दीड-दोन तासांत चालत केझिक. आई लाँचमध्येच बसून राहिली, तळ्याची पूर्ण फेरी मारली आणि आमच्या आधी ग्रेंजला येऊन चहा घेत होती, तीही त्याच ७८ ने. घरातल्या दोघांना चढायचंय आणि एकाला नाही, अशा कुटुंबासाठी याहून सोयीची जागा मी पाहिलेली नाही.

बटरमिअरबद्दल थोडक्यात. ७७ आणि ७७ए या हंगामी बस केझिकहून उलटसुलट दिशांनी गोल फिरतात. एकदा तरी हॉनिस्टर खिंडीतून जाणारी फेरी घ्या, नुसत्या त्या उतारासाठी. तळ्याभोवतीची फेरी सातेक किलोमीटर, जवळजवळ सपाट, पूर्व काठाला खडकात खोदलेला छोटा बोगदाही आहे. मुलं बरोबर असतील तर हीच करा. पण या बस दिवसातून मोजक्याच असतात, उतरल्या उतरल्या परतीच्या वेळेचा थांब्यावरून फोटो काढून ठेवा.

अल्सवॉटरला मी आणि बाबा दोघंच गेलो. पेनरिथहून ५०८ ने ग्लेनरिडिंग, तिथून बोटीने हाउटाउन, आणि हाउटाउनहून तळ्याच्या काठाने चालत परत ग्लेनरिडिंग. या तळ्यावर प्रवासी बोटी १८५९ पासून चालतात आणि ताफ्यातली एक बोट १८७७ सालची आहे. चाल दहा-अकरा किलोमीटर. नकाशावर काठाची वाट म्हणून सपाट दिसते पण सारखी वर-खाली होते, चार तास धरा. सगळ्या दिवसांत निवांतपणा सर्वांत जास्त इथे मिळाला. बोट आधी, चाल नंतर, हे इथे विसरू नका, कारण संध्याकाळी शेवटची बोट चुकली तर हाउटाउनला दुसरं काही नाही.

पावसाबद्दल. बॉरोडेल दरीतलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर. म्हणजे कोकणाएवढा पाऊस, पण बारा महिन्यांत वाटलेला. छत्री वाऱ्यात निरुपयोगी. टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट, जमल्यास वरून घालायची पँट, घोट्याला आधार देणारे बूट, आणि जीन्स अजिबात नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. डोंगरावरचं हवामान लेक डिस्ट्रिक्टच्या वेदरलाइनवर रोज मिळतं, सकाळी ते बघूनच चाल ठरवा. बॉरोडेल आणि बटरमिअरमध्ये मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करा किंवा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा १:२५,००० चा कागदी घ्या. केझिक-बटरमिअरसाठी त्यातला ओएल ४ नंबरचा. अडचणीत ९९९ लावून आधी पोलिस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. याच नंबरवर ‘रजिस्टर’ असा इंग्रजीत एसएमएस पाठवून आधी नोंदणी केली तर पुढे मेसेजनेही मदत मागता येते, रेंज अर्धवट असताना याचा उपयोग होतो. नेच्याच्या रानातून गेलात तर संध्याकाळी पाय तपासा, गोचिडी असतात. फाटक उघडलं तर मागे लावा, पलीकडे मेंढ्या आहेत.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, पण कंटाळा येतो: सूप, चीजचं सँडविच, भाजलेला अख्खा बटाटा आणि त्यावर बीन्स. खेड्यातली चहाची दुकानं चार-साडेचारला बंद होतात. विंडरमिअर स्टेशनला आणि केझिकच्या बसथांब्याला लागूनच मोठं सुपरमार्केट आहे, दुपारचं तिथूनच उचला. आईने दशम्या आणि चटणी आणलीच होती. केंडलचा मिंट केक मात्र घ्या. नाव केक, वस्तू म्हणजे पेपरमिंटची साखरेची वडी. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिलरी आणि तेनसिंग यांच्याबरोबर होती. चढावर एक तुकडा पुरतो, दुसरा घशाखाली उतरत नाही.

परतीच्या ट्रेनचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं, पण ते त्याच ट्रेनला चालतं. अँबलसाइड-विंडरमिअर रस्ता सुट्टीच्या दिवशी दुपारी तुंबतो आणि बसही त्यातच अडकते. बस आणि ट्रेन यांच्यात निदान एक तास मोकळा ठेवा, रविवार असेल तर दीड.