स्पीकरीन

फ्रेंचच्या वर्गात परवा ‘तुम्ही काय करता’ हा धडा होता. मी अकरा वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका होते, म्हणून शब्दकोशात शोधून ऐटीत लिहिलं : स्पीकरीन. सर माझ्या मुलाच्या वयाचे. वाचून हसूच लागले. “काकू, हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काळातला शब्द! ‘आनिमात्रीस’ लिहा.”

लिहिलं. पण घरी येऊन स्पीकरीनच्याच मागे लागले.

इंग्रजीतला ‘स्पीकर’ फ्रान्सला गेला तो निवेदक होऊन. बाई असेल तर त्याला ‘ईन’ जोडायचं. एरवी गायक ‘शाँतर’ तर गायिका ‘शाँतझ’. इथे मात्र तो नेहमीचा प्रत्यय नाही. मग हीच स्पीकरीन इंग्रजीतही आली, त्या फ्रेंच बायकांपुरती. लेक माहेरी परतली ती सासरचं नाव लावून.

काम काय, तर दोन कार्यक्रमांच्या मधे पडद्यावर येऊन पुढे काय आहे ते गोड हसून सांगायचं. काही बिघडलं तर वेळही निभावून न्यायची. हे ‘काय, तर’ मी मुद्दाम लिहिलंय, कारण लोक तसंच म्हणतात. ऐनवेळी टेप अडकली आणि समोर लाल दिवा जळतोय, तेव्हा त्या दोन मिनिटांत काय बोलायचं हे कुणी शिकवत नाही. झाकलिन झुबेर १९४९पासून हे करत होती. १९५९ आणि १९६१ साली फ्रान्समधल्या कान शहरात झालेली युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा तिनेच सादर केली, आणि पुढे ‘आंतेन २’ वाहिनीच्या मुलांच्या कार्यक्रमांची ती प्रमुख झाली. उलट नोएल नोबलकूर या दुसऱ्या स्पीकरीनला १९६४ साली काढलं. पडद्यावर गुडघे दिसले म्हणून, असं अजून सांगतात. निवेदकाच्या गुडघ्यांची चौकशी झाल्याचं काही माझ्या वाचनात आलं नाही.

नव्वदच्या दशकात मोठ्या वाहिन्यांवरून स्पीकरीन गेल्या. त्यांच्या जागी जाहिरातवजा झलका आल्या.

‘निवेदिका’ या शब्दावर माझा राग नाही. तो निवेदकाच्या शेजारी ताठ बसतो. पण ‘आपली आवड’ला श्रोत्यांची पोस्टकार्डं यायची, त्यांत माझा सहकारी ‘निवेदकसाहेब’ आणि मी ‘गोड आवाजाच्या ताई’. खरं तर आवाज त्याचाच गोड होता. माझा घोगरा.