तुम्ही विचारलेत म्हणून: तो गिअर मी बदलला का नाही

माझ्या जुन्या लेथचे (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणाऱ्या यंत्राचे) हेडस्टॉकवरचे, म्हणजे गिअर असलेल्या डोक्यावरचे, झाकण उघडे असले की पाहणारा जवळजवळ प्रत्येकजण मोठ्या गिअरवरच्या त्या दोन वेगळ्या रंगाच्या दात्यांकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "नवा गिअर का नाही बसवलात?" प्रश्न रास्त आहे. खटकते ती त्यामागची समजूत, की मी हे जुन्या वस्तूच्या लोभापायी किंवा पैसे वाचवण्यासाठी केले असणार. उभ्याउभ्या दिलेल्या अर्ध्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सुटे भाग बदलण्याला माझा विरोध नाही. बॉल बेअरिंग, पट्टे आणि सील मी क्षणाचाही विचार न करता बदलतो. इन्सुलेशन कडक होऊन चिरलेली वायर मी टेप गुंडाळून कधीच चालवलेली नाही. चकाच्या, म्हणजे काम जबड्यांत धरून फिरवणाऱ्या भागाच्या, अंगाला तडा गेला असेल तर तो चक बाद, कारण फिरता चक फुटला तर समोर माणूस उभा असतो. पण जे भाग एकमेकांवर घासून वर्षानुवर्षे सोबत झिजले आहेत त्यांचा हिशेब वेगळा असतो. क्रॉस स्लाइडचा (हत्यार आडवे सरकवणाऱ्या भागाचा) स्क्रू मधल्या भागात सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होते. त्यावर नवा नट चढवला तर तो मध्ये ठीक चालतो आणि टोकांकडे आवळतो. टोकांना सैल चालेल असा केला तर मध्ये पुन्हा पूर्वीइतकाच बॅकलॅश, म्हणजे मोकळा खेळ, येतो. लीडस्क्रूचे (हत्यार लांबीच्या दिशेने सरकवणाऱ्या लांब स्क्रूचे) आणि बेडचेही (ज्यावर ते सरकते त्या पायाचेही) तसेच, फक्त तिथे झीज चकाच्या बाजूला असते. नवा भाग बसवा असे म्हणणारा खरे तर नवी जोडी बसवा असे म्हणत असतो, आणि त्या जोडीचे तिसऱ्या भागाशी जमेल की नाही हे तो पाहत नाही.

आता त्या दोन दात्यांविषयी.

चक स्पिंडलच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दांड्याच्या, आट्यांवर घट्ट बसला होता आणि निघत नव्हता. माझ्या एका सहकाऱ्याने, अनेक कारखान्यांत करतात त्याप्रमाणे, मोठा गिअर पुलीला जोडणारी पिन आत ठेवूनच बॅक गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर) गुंतवला. असे केले की स्पिंडल पूर्ण अडकतो. मग त्याने जबड्यात लोखंडी पहार धरली आणि तिच्यावर घण घातला. मी शेजारच्या बाकावर काम करत होतो. कडक आणि कोरडा असा एकच आवाज आला, आणि त्यानंतर चक हाताने थोडासा फिरला. सहकाऱ्याला वाटले की चक सुटला. झाकण काढले तेव्हा साठ दात्यांच्या त्या गिअरचे लागोपाठचे दोन दाते मुळापासून उडालेले दिसले; त्यांचे तुकडे खाली तेलात पडले होते आणि तुटलेली जागा राखाडी, रवाळ दिसत होती. बिडाचे असेच होते. त्यात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात पसरलेले असते. त्यामुळे ते घर्षणाला आणि दाबाला उत्तम, पण आघात आला की वाकत नाही, तुटते. सावकाश चालताना जो भार दाते निमूट पेलतात, तो घणाच्या एका घावात एकदोन दात्यांवर येतो. चकाचा जबडा आणि बेड यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून, पिन काढून, बॅक गिअरच्या जोरावर पुली हाताने उलटी फिरवली असती तर तोच चक कदाचित निघाला असता. हे मी त्याला तेव्हा बोललो नाही. त्याचा चेहरा पाहून बोलवले नाही.

पहिला सल्ला मिळाला तो वेल्डिंगचा. साध्या रॉडने बिडावर वेल्ड केले की जोडाशेजारचा पट्टा झटकन थंड होऊन काचेसारखा कडक होतो, आणि मग तडा जोडात न जाता जोडालगत जातो. संपूर्ण गिअर आधी तापवून आणि नंतर हळूहळू थंड करून ते साधते, परंतु त्यासाठी गिअर स्पिंडलवरून उतरवावा लागतो, आणि माझ्या नकाराचे खरे कारण हेच आहे. हा गिअर स्पिंडलवर चावी ठोकून बसवलेला आहे. तो काढायचा म्हणजे स्पिंडल बाहेर ओढायचा, आणि स्पिंडल साध्या बुशांमध्ये (आधार देणाऱ्या धातूच्या नळ्यांमध्ये) फिरतो, ज्या त्याच्याबरोबर झिजत झिजत एकजीव झाल्या आहेत. त्या हलवून पुन्हा तशाच बसतील याची खात्री मला नव्हती. आजही नाही.

तरीही मी नवा गिअर मागवला होता, हे विचारणाऱ्यांना ठाऊक नसते. दाते साठ, माप 12 डीपी (व्यासाच्या दर इंचाला बारा दाते), भोक आणि रुंदी, सारे तंतोतंत. स्पिंडलला हात लावण्याआधी तो बाकावर त्याच्या जोडीदाराबरोबर फिरवून पाहिला, तर दर दात्यागणिक ठोका जाणवत होता. पत्र्याचा साचा जुन्या दात्यावर घासून तयार केला आणि नव्यावर धरला, तेव्हा दात्याच्या कुशीत उजेड दिसला. जुना गिअर 14.5 अंशांच्या प्रेशर अँगलचा (दात्याच्या कुशीचा कल ठरवणाऱ्या कोनाचा), नवा 20 अंशांचा. जुन्या मशीनवर 14.5 अंश सर्रास आढळतात, आणि आज तयार मिळणारे गिअर बहुधा 20 अंशांचे असतात. दात्यांची संख्या आणि डीपी सारखे असूनही असे दोन गिअर एकमेकांशी नीट लोळत नाहीत. विक्रेत्याचे म्हणणे होते, "चालवून चालवून जुळतील." जुळत नाहीत, दोघांपैकी मऊ असतो तो खाल्ला जातो. दुसऱ्या ठिकाणी 2 मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दात्याचे मिलिमीटरमधले माप) "जवळपास तोच" गिअर होता. 12 डीपी म्हणजे 2.117 मॉड्यूल. एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर 6.65 मिलिमीटरऐवजी 6.28 मिलिमीटर भरते, म्हणजे तो गुंततच नाही.

मग मी जुनी पद्धत वापरली. तुटलेल्या दात्यांच्या मुळाची जागा सपाट केली, प्रत्येकात ओळीने भोके पाडली, आटे पाडले आणि पोलादाच्या खुंट्या घट्ट फिरवून बसवल्या. स्पिंडल जागेवरच होता. बुशांच्या तोंडाशी कापड कोंबले होते, जेणेकरून बिडाची भुकटी आत जाऊ नये. नंतर तोच पत्र्याचा साचा लावत खुंट्यांना कानशीने दात्याचा आकार दिला, समोरच्या दात्यांना निळा रंग फासून गिअर हाताने फिरवला, जिथे रंग लागला तिथे पुन्हा कानस चालवली. हे काम कंटाळवाणे आहे असे लोक म्हणतात. मला ते तसे वाटले नाही, आणि हे सांगताना कोणाची समजूत काढण्याची मला गरज वाटत नाही.

तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खुंट्यांचा दाता म्हणजे अखंड दाता नव्हे. त्यांच्या मधल्या फटींत भार पेलणारे काही नाही, आणि बॅक गिअरवर मोठा, तुटक काप घेतला तर काय होईल हे मी करून पाहिलेले नाही. पूर्वी मी ठामपणे म्हणत असे की बनवणाऱ्याने बीड वापरले तिथे पोलाद आणूच नये, कारण कमजोर भाग मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, तो मोडून महागडा भाग वाचवतो. लीडस्क्रूच्या शिअर पिनबाबत ते खरेच आहे. पण गिअरबाबत मी हे इतक्या खात्रीने कशाच्या आधारावर म्हणत होतो? बीड तिथे असते कारण ते ओतायला सोपे, चालायला शांत आणि घर्षणाला चांगले. दात्यांनी फ्यूज व्हावे असे कोणी ठरवले होते, याचा काही पुरावा माझ्याजवळ नाही. आणि तसे ठरवले असेल, तर माझ्या पोलादी खुंट्यांनी तो फ्यूज त्या दोन जागी काढून टाकला आहे. माझ्या त्या जुन्या मताशी मी अजून भांडतो आहे.

सध्या आटे पाडताना आणि मोठ्या व्यासावर हलका काप घेताना तो गिअर चालतो, आवाज किंचित वेगळा येतो. बुश कधी तरी बदलाव्या लागतीलच. तेव्हा स्पिंडल निघेल आणि त्याच वेळी नवा बिडाचा गिअर बसेल, तयार मिळणारा नव्हे तर कापून घेतलेला: 12 डीपी, 14.5 अंश, 55 ते 134 दात्यांसाठीचा 2 क्रमांकाचा कटर, आणि डिव्हायडिंग हेडचा (वर्तुळ समान भागांत विभागणाऱ्या साधनाचा) हात दर दात्याला दोन तृतीयांश फेरा. त्यानंतरही त्याचा जोडीदार जुनाच, झिजलेला असेल. तोही बदलायचा का, हे मी ठरवलेले नाही.